हाकेचा वाटा

प्रफुल माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. दीर भैयाजी चंद्रपूरला कोळसा खाणीत होते, म्हणून पोरगा शहरात वाढला. लहानपणी सुटीत आमच्याकडे आला की कोंबडीलाही भ्यायचा. तोच प्रफुल २००३ च्या मे महिन्यात खांद्याखाली केस वाढवून, काळा टीशर्ट घालून, सामानाने गच्च भरलेल्या टेम्पोतून आमच्या दारात उतरला. मला तेव्हा अंगणवाडीतून निवृत्त व्हायला एक वर्ष उरलं होतं.

"मोठीमाय, पंधरा-वीस दिवस राहाचं हाये. अल्बम बनवाचा हाये."

"लग्न कोनाचं हाये गा?" मी विचारलं.

टेम्पोतले दोघं खो खो हसले. त्यातला एक भूपेश, ड्रम वाजवणारा, खांबासारखे दंड आणि बोलणं मात्र हळू. दुसरी डिंपल, प्रफुलच्याच कॉलनीतली मुलगी, गिटार वाजवणारी. एवढीशी होती, पण सामान उतरवताना तिने कोणाला हात लावू दिला नाही. तिघांच्या बँडचं नाव 'राखड'. वाळत घातलेल्या कपड्यांवर जिथे वीजघराची राख रोज येऊन बसते, तिथल्या पोरांनी दुसरं काय नाव ठेवायचं!

ते जे वाजवत त्याला डेथ मेटल म्हणतात. हे नाव मी तेव्हाच पाठ केलं, कारण गावातल्या निम्म्या लोकांना मलाच ते समजावून सांगावं लागलं. ड्रम इतका जलद की मोजता येत नाही. गिटार मिलचा पट्टा तापल्यावर किंचाळतो तशी. आणि गाणारा गातच नाही, पोटातून गुरगुरतो. शब्द इंग्रजी आणि सगळे मरणाचे. मुडदे उठतात, हाडं चालतात, धरती फाटते. गावच्या नाटकातली, म्हणजे दंडारीतली, सगळी सोंगं पाहिलेल्या आमच्या शेजारच्या भागीरथाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तं आपल्या दंडारीतलंच हाये वो. फक्त याले लाइन जास्त लागते."

आमचं गाव चामोर्शीपासून आठ किलोमीटर. धान, तलाव आणि मासोळी. आम्ही ढिवर, तलावावर जगणारे. हे तिघं इथे आले त्याला कारण होतं. चंद्रपुरात घरी वाजवलं की शेजारी भिंत बडवायचे. नागपूरच्या ओळखीच्या एका माणसाने त्यांना आवाज भरायचं यंत्र वापरायला दिलं होतं, कॅसेटवर चालणारं, पण चोवीस मेला ते परत करायचं होतं. आणि आमच्या गावाबाहेरची राईस मिल उन्हाळी धान येईपर्यंत बंद असायची. तिचं गोदाम रिकामं होतं. राखणदार कोलूभाऊंनी "पोट्टे हायेत, वाजवू द्या" म्हणून चावी दिली.

जूनमध्ये भूपेश नोकरीसाठी सुरतेकडे जाणार होता. त्यामुळे अल्बम व्हायचा तर चोवीस मेच्या आत, नाहीतर कधीच नाही. प्रफुलने मला हे पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं आणि ताटात भात तसाच ठेवून ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या वयाची पोरं लग्नासाठी किंवा नोकरीसाठी असं ताट सोडून उठलेली मी पाहिली आहेत. गाण्यासाठी उठलेला हा पहिलाच.

त्यांनी गोदामाचा स्टुडिओ केला तो पाहण्यासारखा होता. चारही भिंतींना तणसाच्या पेंढ्या छतापर्यंत रचल्या. दारावर बारदान्याचे तीन पडदे शिवले, ते मी आणि भागीरथाने शिवले. आत टाळी वाजवली की टाळी तिथेच मरायची. आवाज असा मेला पाहिजे, तरच भरता येतो, असं डिंपल म्हणायची. आत एवढा उकाडा की भूपेश बाहेर यायचा तेव्हा अंगावर तणसाचे तुकडे चिकटलेले, बुजगावण्यासारखा.

लाइन सकाळी पाच ते अकरा आणि दुपारी चार ते सात एवढीच असायची. बाकी वेळ भारनियमन. शेजारच्या जिल्ह्यात वीज तयार होते आणि आमच्या घरात दिवा नसतो, याचं आम्हाला आता नवल वाटत नाही. नऊ वाजता शेतकऱ्यांचे मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि यंत्राची कॅसेट अंमळ हळू फिरायची. मग गिटार बेसूर. म्हणून पोरं पाच ते नऊ असं जीव तोडून वाजवायची.

या यंत्रात चार रकाने होते. मी अंगणवाडीच्या हजेरीवहीसारखं समजून घेतलं. पहिल्या रकान्यात ड्रम. तो भरला की कानाला हेडफोन लावून, तो ऐकत ऐकत दुसऱ्यात गिटार. तिसऱ्यात जाड आवाजाची बेस गिटार, तीही डिंपलच वाजवायची. आणि सगळ्यांत शेवटी चौथ्या रकान्यात आवाज. गाणी आठ. ड्रम सहा मेपासून चार दिवसांत भरले. गिटारी तेरा तारखेपर्यंत. तोवर प्रफुलला काम नव्हतं. तो चहा द्यायचा, पडदे धरायचा आणि मनातल्या मनात गुरगुरायचा.

संध्याकाळी लाइन गेली की तिघं आमच्या अंगणात बाजेवर पडायचे. मी लाखोळीच्या डाळीचे वडे करायची, कधी वांग्यात झिंगे. डिंपलला जुन्या गोष्टींची भारी हौस. एकदा तिने विचारलं, "मोठीमाय, तलावात मोठी जाळी कशी ओढतेत?"

मी सांगितलं. महाजाळ टाकलं की म्होरक्या छातीभर पाण्यात उभा राहतो आणि हाक देतो, "ओढा रे!" पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, सगळे "हो!" म्हणून दोर ओढतात. आमच्याकडे रीत अशी की पाण्यातल्या माणसाची हाक खाली पडू द्यायची नाही. ऐकणारा कोणीही असो, वाटेने जाणारा असो की धुणं धुणारी बाई, त्याने "हो" म्हणायचंच. कारण पाण्यातला माणूस जाळं ओढायला बोलावतो आहे की बुडतो आहे, हे लांबून कळत नाही. आणि ज्याने "हो" म्हटलं त्याला मासोळीत वाटा मिळतो, त्याने दोराला हात लावलेला नसला तरी. शिवाय एक वाटा जाळ्याचा. तो जाळं ज्याचं त्याच्या घरी जातो, माणूस हयात नसला तरी.

डिंपल बॅटरीच्या उजेडात वहीत लिहून घेत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आठवं गाणं आपल्या भाषेत करून राह्यलो. नाव 'गाळ'. अल्बमचं नाव बी तेच." तिने वाचून दाखवलं. तलावाच्या तळाशी पडलेल्या एका मुडद्याचं ते गाणं होतं.

तळाशी मी, गाळात मी,
डोळ्यांत शिंपले, तोंडात माती,
अजून मेलो नाई, ओढा रे!

"शेवटचं 'ओढा रे' पाहा मोठीमाय. तुमचीच हाक हाये ते." भागीरथा ओट्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तोंडात माती असून एवढा बोलते, जिता होता तेव्हा घरच्यायले किती पिडला असन!"

चौदा तारखेला प्रफुल माईकसमोर उभा राहिला. मी बारदान्याच्या पडद्याआडून ऐकत होते. पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात आवाज फाटायला लागला. पंधराच्या सकाळी तिसऱ्या गाण्याला त्याच्या घशातून नुसती हवा यायला लागली, जुन्या पोत्यातून भुसा गळावा तशी. थुंकला तर रक्ताची तार होती. चामोर्शीच्या डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं, दोन दिवस एक शब्द बोलायचा नाही, आणि असंच ओरडत राहिलास तर नंतर बोलायलाही आवाज राहणार नाही.

मी त्याला अंगणवाडीतली पाटी दिली. त्यावर त्याने पहिलं वाक्य लिहिलं, "अल्बम गेला."

भूपेश आणि डिंपल मिलच्या पायरीवर बसून होते. आठ गाणी भरलेली, आणि एक सोडलं तर आवाज कशालाच नाही. भूपेश म्हणाला, "मी गातो का?" डिंपल म्हणाली, "तू बोलतोस तेच ऐकू येत नाई." तिघंही हसले, प्रफुलही आवाज न करता हसला.

मी पाटी पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. "हे गुरगुरनं तू कोनाजवळ शिकला?"

त्याने लिहिलं, "कॅसेट ऐकून."

"कोनाजवळ बसून नाई?"

पाटीवर भोपळा.

"मंग घसा फाटनार नाई तं काय होईन, बापा! तुह्या मोठेबाबानं बत्तीस वर्सं बकासुर केला. एक दिवस घसा बसला नाई."

माझे मालक मनसाराम. त्याच्या नऊ वर्षं आधी काविळीने गेले होते. तलावावरचे म्होरके होते, आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दंडारीत राक्षसाचं सोंग. बकासुर म्हटलं की चार गावचे लोक बैलगाड्या जुंपून यायचे. ते मंडपाबाहेरून अशी गुरगुर काढायचे की आयांच्या मांडीवरची पोरं दूध सोडून द्यायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात वांगी घेताना आवाज लोण्यासारखा. लग्न होऊन मी आले तेव्हा मला वाटलं काही औषध घेत असतील. औषध नव्हतं. सराव होता, आणि तो पाण्यात.

सोळा तारखेच्या सकाळी मी लुगड्याचा काचा मारला आणि प्रफुलला तलावात नेलं. मे महिन्यात पाणी आटलेलं असतं, पण पाणी सोडायच्या मोरीजवळच्या खोलगट भागात छातीभर होतं. त्याला तिथे उभं केलं. कमळाचं एक पान तोडलं आणि त्याच्या पोटासमोर, हातभर अंतरावर पाण्यावर ठेवलं.

"बोलू नको. नुसता श्वास घे, खाली, बेंबीपाशी. पानी तुह्यं पोट दाबते, तू पान्याले दाब. पान सरकलं तं बरोबर. मान फुगली अन् पान तिथंच राह्यलं तं चूक."

मालक असंच करायचे. मी काठावर भांडी घासायची आणि ते पाण्यातून विचारायचे, "सरकलं का वो?" मी "नाई" म्हणायची. नव्या नवरीला नवऱ्याला नाही म्हणायची तेवढीच सोय होती, म्हणून मी सुरुवातीला सरकलं तरी नाही म्हणायची. त्यांचा बकासुर एवढा चांगला झाला त्यात माझ्या लबाडीचा वाटा आहे.

पाळीवर बायका जमल्या. भागीरथा ओरडली, "रुखमाबाई, पोट्ट्याले म्हशीसारखं काऊन बुडवून राह्यली वो?"

"म्हैस बरी! हाक मारली तं येते. याची हाकच गेली हाये."

पहिल्या दिवशी पान हललं नाही. दुसऱ्या दिवशी हललं आणि परत आलं. सतराच्या संध्याकाळी मी त्याला आवाज लावू दिला, अगदी थोडा, बेडकाएवढा. अठराला सकाळी त्याने श्वास घेतला, मान सैल, ओठ नुसते उघडे, आणि खालून काहीतरी आलं. पान गर्रकन फिरून तीन हात लांब गेलं. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. मोरीवर बसलेला बगळा उडाला.

प्रफुल माझ्याकडे पाहतच राहिला. "मोठीमाय," तो अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "घसा दुखून नाई राह्यला."

"नाईच दुखणार. घश्याले काम दिलंच कुठी?"

आता पंचाईत अशी झाली की गोदामात कोरड्या जमिनीवर उभं राहिलं की त्याला ते जमेना. पोटाला पाणी लागल्याशिवाय श्वास खाली उतरेना. एकोणीस तारीख उजाडली होती. डिंपल कपाळाला हात लावून बसली. तोडगा कोलूभाऊंनी काढला. उकडा तांदूळ करायला मिलमध्ये धान भिजवायचे सिमेंटचे हौद असतात, पुरुषभर खोल. त्यातला एक गोदामाच्या भिंतीला लागून होता. कोलूभाऊंनी तो धुऊन छातीइतका भरला.

"उतर यात. तांदूळ उकडतो तसा तुले बी उकडतो."

एकोणीस, वीस आणि एकवीस मे. भोवती तणस, वर बारदान, हौदात प्रफुल, कानाला हेडफोन, तोंडासमोर बांबूला बांधलेला माईक आणि पाण्यावर कमळाचं पान. मी काठावर बसून पानावर नजर ठेवायची. पान सरकलं नाही की मी हात वर करायची आणि भूपेश यंत्र थांबवायचा. लबाडी मात्र या वेळी केली नाही. वेळ नव्हता. एकवीसच्या संध्याकाळी सात गाणी झाली. राहिलं फक्त 'गाळ'.

बावीसच्या सकाळी धान आलं. दोन दिवस आधीच. सात बैलगाड्या आणि एक ट्रॅक्टर मिलच्या दारात. मिलमालकाचा निरोप होता की धान आजच हौदात भिजवायला लागा. कोलूभाऊ हात जोडून म्हणाले, "पोट्टेहो, आता माह्या हातात काई नाई." दुपारपर्यंत गोदामात पोती लागली आणि आमच्या हौदात प्रफुलऐवजी धान पोहत होतं.

राहिला तेवीस तारखेचा एक दिवस. तेवीसच्या संध्याकाळच्या बसने यंत्र नागपूरला जायला निघणार होतं.

"तलावात करू," मी म्हटलं. "शिकला तिथंच गाईन."

"मोठीमाय, मंग स्टुडिओ अल्बम कसा म्हनाचा?" भूपेशला पहिल्यांदाच एवढं मोठं वाक्य बोलताना ऐकलं.

"हौदाले स्टुडिओ म्हटलं तेव्हा तुले लाज नाई वाटली?"

तलावाच्या पाळीवर आमच्या मच्छीमार सोसायटीची खोली आहे, तिथे लाइन होती. सोसायटीचे अध्यक्ष पोचूभाऊ, मालकांच्या हाताखाली दोर ओढायला शिकलेला माणूस. त्यांनी किल्ली दिली. भूपेशने हेडफोनची वायर तोडून, जोडून, सुतळीने बांधत चाळीस फूट लांब केली. माईक जाळी वाळवायच्या बांबूला बांधून पाण्यावर झुकवला. कोलूभाऊ मिल सोडून पाहायला आले होते. म्हणाले, "पान्यात करंट उतरला तं मासोळी नाई, तुमीच तरंगान." डिंपलने त्यांना यंत्र खोलीतच आहे, पाण्यात फक्त आवाज येतो, असं पटवून दिलं. ते तरीही चप्पल घालून उभे राहिले.

पोचूभाऊ आणि सोसायटीचे नऊ जण पाळीवर फाटकी जाळी तुणत बसले होते. त्यांना मी बजावलं, "यंत्राचा लाल दिवा लागला की कोनी खोकाचं बी नाई." भागीरथालाही सांगितलं. तिने तोंडावर पदर धरला. मी पाण्यात प्रफुलपासून चार हातांवर उभी होते, पान पाहायला.

पहिल्यांदा टिटवी ओरडली. दुसऱ्यांदा, पंप बंद ठेवा म्हणून सगळ्यांना सांगितलेलं असूनही, कोणाचा तरी पंप सुरू झाला आणि गिटार पार रडकी झाली. तो पंप बंद करायला गावातल्या एका पोराला सायकलने पाठवलं. पावणेअकरा वाजले. अकराला लाइन जाणार. भूपेशने खोलीच्या दारातून एक बोट दाखवलं. आता एकदाच.

प्रफुलने श्वास घेतला. आम्हाला ड्रम, गिटार काहीच ऐकू येत नव्हतं, ते त्याच्या कानात. आम्हाला फक्त त्याचा आवाज आणि पाणी. तळाशी मी, गाळात मी. मी पानाकडे पाहत होते. ते हळूहळू, एकाच चालीने दूर चाललं होतं. त्याच्या मानेवर एक शीर नव्हती. मला त्या क्षणी कसलीही आठवण आली नाही, हे मी मुद्दाम लिहिते. मी फक्त काम पाहत होते. आणि मग शेवटी त्याने पोटाच्या अगदी तळातून, लांब, ओढून हाक दिली.

"ओढा रे!"

"हो!"

हे मी म्हटलं. खणखणीत. तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं. आणि माझ्यामागून पाळीवरून पोचूभाऊ आणि नऊच्या नऊ जण, हातातली जाळी टाकून, उठून उभे राहत, एका दमात, "हो!" भागीरथा पदर सोडून, "हो!" आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठाला जाऊन परत आला.

प्रफुल हेडफोन लावलेला, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत होता. भूपेशने यंत्र थांबवलं. आणि लाइन गेली.

पोचूभाऊ टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "बाई, हाक आली तं..." मी म्हटलं, "माह्यंच पहिलं निघालं भाऊ." मी ओल्या लुगड्याने घरी आले. पोरं खोलीतच बसून राहिली. मी भात टाकला, पण माझ्याच्याने खाववेना. अठरा दिवसांची त्यांची मेहनत, आठ दिवसांची माझी, आणि मीच ती एका शब्दाने बुडवली होती. लाइन चारला येणार. सव्वापाचला बस. दुसऱ्यांदा गायला वेळ असता तरी प्रफुलने तो श्वास परत आणला असता की नाही, मला खात्री नव्हती.

चारला पाच मिनिटं असताना मी पुन्हा पाळीवर गेले. निम्मं गाव तिथेच होतं. लाइन आली. डिंपलने कॅसेट मागे नेली आणि छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. आता सगळं एकत्र होतं, ड्रम, गिटार, आवाज. शेवटी ड्रम थांबतो, गिटार घरघरत राहते, हाक येते. आणि तिच्या पाठोपाठ आमचं "हो!", आधी एक बाई, मग सगळा तलाव.

डिंपलने पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ती हसायला लागली.

"प्रफुल," भूपेश हळूच म्हणाला, "हे आपल्याले कोन्या स्टुडिओत नसतं भेटलं."

प्रफुल माझ्याकडे आला. चिकटलेले केस, अंगाला गाळाचा वास. "मोठीमाय, राहू देऊ का?"

"मले काय विचारतोस? तुह्यी हाक हाये."

तेवढ्यात पोचूभाऊ पुढे झाले. कमरेवर हात ठेवून, अध्यक्षासारखे. "राहू द्या, नाई तं काढा. पन आमी 'हो' म्हटलं. आमचा वाटा काढा."

पोरांना वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. वाटा कशाचा, तर त्या जाळ्यात जे आलं त्याचा, म्हणजे अल्बमचा. "हो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक कॅसेट. पोचूभाऊ आणि त्यांचे नऊ, म्हणजे दहा. भागीरथा अकरा, मी बारा. कोलूभाऊ म्हणाले, मीही म्हटलं. पोचूभाऊ म्हणाले, "तुमी चप्पल सांभाळून राह्यले होते." भांडण वाढलं. शेवटी डिंपलने शेवटची दहा सेकंदं लावली आणि सगळे कान देऊन बसले. दुसऱ्या खेपेला ऐकू आलं. सगळ्यांचं "हो" संपल्यावर, अर्ध्या श्वासाने उशिरा, एक घोगरं "हो" आणि त्याला जोडून खोकला.

"खोकला माह्याच हाये," कोलूभाऊ म्हणाले. मान्य झालं. तेरा.

सव्वापाचची बस पोरांना पळत जाऊन पकडावी लागली.

सप्टेंबरात प्रफुल आला. आवाज बरा होता, चेहऱ्यावर तेज. छापलेल्या कॅसेटी पिशवीत. काळं मुखपृष्ठ, त्यावर आमच्या तलावाच्या भेगाळलेल्या गाळाचा फोटो. मागे लिहिलं होतं, राईस मिलचं गोदाम, हौद आणि तलाव. भूपेशची एक कॅसेट पोस्टाने सुरतेला गेली होती. बाहेरगावच्या पोरांची पत्रंही यायला लागली होती. एकाने विचारलं होतं, शेवटी जे ओरडतात तो कोणता बँड आहे?

त्याने वाटे रीतीप्रमाणे पाळीवरच घातले. पळसाची पानं मांडली, मासोळीला मांडतात तशी, आणि प्रत्येक पानावर एक कॅसेट. पोचूभाऊंनी आपली उचलून कपाळाला लावली. भागीरथाकडे टेप नव्हता. तिला म्हटलं, तुझी कोणाकडे ठेवतेस? तर म्हणाली, "माह्या वाट्याची मासोळी मी शेजारी ठेवतो का?" आणि तिने ती धानाच्या कोठीत पुरली. कोलूभाऊंनी मिलमध्ये लावली, तेव्हा मजुरांनी काम बंद केलं.

तेरा पानं रिकामी झाली. पण प्रफुलने मांडलेली पानं चौदा होती. चौदाव्या पानावरची कॅसेट त्याने उचलून माझ्या हातात दिली.

"माह्या वाट्याची भेटली मले," मी म्हटलं.

"हे तुह्यी नोय मोठीमाय. हा जाळ्याचा वाटा हाये. हाक मोठेबाबाची होती."

दोन्ही माझ्याजवळ आहेत. एक ऐकून ऐकून घासली, 'हो' च्या जागी आता नुसती खरखर येते. दुसरीचं प्लास्टिक मी अजून फाडलेलं नाही.